‘हे काय काय करतं?’

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांची क्रिएटिव्हिटी वाढवणाऱ्या खेळण्यांवर अर्धं पान आलं होतं, फोटोंसकट, एक ते दहा नंबर टाकून. सोमवारी दुकान उघडून मी अजून उदबत्ती पण लावली नव्हती तोवर एक बाई मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून हजर, यातलं तीन नंबरचं आहे का हो. दुपारपर्यंत आणखी दोघं आले. माझ्याकडे तीन नंबरचं होतं, पाच नंबरचं पण होतं, दोन्ही विकलं, त्यामुळे तक्रार करायला खरं तर मला तोंडच नाही. तरी लिहितेय. फक्त नाव छापू नका, होलसेलवाल्यांचे उधारीचे फोन रोज चालू असतात, त्यात हे त्यांच्या वाचनात आलं तर उगाच विषय वाढायचा.

कराडात आमचं खेळण्यांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, १९८४ ला टाकलेलं. मी २००२ ला लग्न होऊन आले आणि दोन वर्षांत गल्ल्यावर बसायला लागले ती आजतागायत बसलेय. शिक्षण माझं बी.कॉम., बालमानसशास्त्र वगैरे मला येत नाही, पण काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसतं ते बाहेरच्या बाजूने दिसत नाही एवढं मात्र नक्की.

तर गिऱ्हाईक खेळणं हातात घेतं आणि पहिला प्रश्न काय विचारतं माहितीये? ‘हे काय काय करतं?’ दहातले नऊ जण हेच विचारतात. आणि मी पण इतक्या वर्षांत तयार झालेय, लगेच बटण दाबून दाखवते. आमच्याकडे एक प्लॅस्टिकची गाय आहे, ती चालते, मान हलवते, डोळ्यांत लाल लाईट लागतो आणि ए फॉर ॲपल म्हणते. गाय ए फॉर ॲपल का म्हणते असं आजपर्यंत एकाही माणसाने मला विचारलेलं नाही. जितकं जास्त करेल तितकं चांगलं, तितके पैसे वसूल. मागे एकदा तीनेक वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या कडेवरून उतरला आणि ही गाय त्याच्यासमोर मी चालू केली. पहिल्यांदा दचकला, दुसऱ्यांदा हसला, तिसऱ्या-चौथ्यांदा स्वतः बटण दाबलं, आणि पाचव्यांदा त्याने गाय उचलली, उलटी केली आणि सेलच्या झाकणात नख घालून बघायला लागला की आत कोण बोलतंय. वडील लगेच ओरडले, अरे मोडशील, ठेव खाली. माझ्या मते त्या पोराने पूर्ण वेळात खेळ असा तो एवढाच केला, नख घालण्याचा, बाकीचा वेळ गाय खेळत होती आणि तो बघत होता.

आता शेल्फच्या दुसऱ्या टोकाला साध्या लाकडी ठोकळ्यांची पिशवी आहे. हे काय करतं असं विचारलं तर मी काय सांगणार, काहीच करत नाही, पडून राहतं. ते पडूनच राहतं, अक्षरशः, मी महिन्यातून एकदा धूळ झटकते.

दर गुरुवारी आमचा माल ट्रान्सपोर्टने येतो, काही पुण्याच्या बोहरी आळीतून, काही मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडून. पार्सल फोडलं की रिकामे खोके मागच्या बोळात टाकतो आणि रद्दीवाला शनिवारी नेतो. म्हणजे न्यायचा. आता बोळातली पोरंच त्याला काही ठेवत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात सहा खोक्यांची एक एसटी झाली होती, पुढे स्केचपेनने ‘कराड-चिपळूण जलद’ लिहिलेलं, आणि आमच्याकडचा एक बंद पडलेला कॅल्क्युलेटर कंडक्टरचं तिकीट मशीन म्हणून गेला. कंडक्टर झालेली मुलगी सात वर्षांची, ती प्रत्येकाला ‘सुट्टे द्या’ म्हणून सतावत होती. कुंभार्ली घाट आला की सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं असा नियम होता, एकाने मध्येच उलटीची पिशवी मागितली. हे सगळं मी मागच्या दाराच्या फटीतून ऐकत होते आणि पुढे दुकानात एक गृहस्थ सातशे रुपयांच्या रिमोटच्या बसची किंमत कमी करून मागत होते.

अमेरिकेत रॉचेस्टर नावाच्या गावात खेळण्यांचं एक मोठं म्युझियम आहे, त्यांचं एक ‘हॉल ऑफ फेम’ आहे, दरवर्षी त्यात काही खेळण्यांना मान देतात. बाहुल्या, ठोकळे, सायकल सगळं आहे त्यात. २००५ साली त्यांनी पुठ्ठ्याचा खोका घेतला. २००८ ला काठी. होय, साधी काठी, झाडाखाली पडते ती. आणि २०२१ ला वाळू. मी हे वाचलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, बघा, आपण इतकी वर्षं नेमका फेमवाला माल रद्दीत घालतोय.

‘क्रिएटिव्ह’ हा शब्द आजकाल प्रत्येक बॉक्सवर असतो. पूर्वी ‘एज्युकेशनल’ असायचा, आता दोन्ही असतात. तुमच्या यादीतलं पाच नंबरचं, ते रंगवायचं किट, त्याबद्दल थोडं सांगते कारण ते मी माझ्या पुतणीला वाढदिवसाला दिलं होतं. आत पीओपीचे सहा प्राणी, सहा रंगांच्या डब्या, एक ब्रश, आणि बॉक्सवर सहाही प्राणी रंगवून कसे दिसतात त्याचा फोटो. पोरीने हत्ती घेतला आणि हिरवा करायला लागली. जाऊबाई शेजारीच, अगं बॉक्सवर बघ ना, राखाडी आहे, कान आतून गुलाबी. मग पोरगी फोटोकडे बघायला लागली, मग रंग बाहेर गेला, मग पुसला, मग रडली, शेवटचे चार प्राणी जाऊबाईंनीच रंगवले आणि ते आता त्यांच्या फ्रिजवर आहेत, सुंदर दिसतात. मी जाऊबाईंना दोष देत नाही, तो फोटो समोर असल्यावर कुठल्याही आईला तसंच वाटणार, चूक त्या फोटोची आहे. हिरवा हत्ती झाला असता तर काय बिघडलं असतं, तो शेवाळ्यात लोळून आलेला पण असू शकतो, पण ते विचारायला कोणाला सुचलंच नाही, मलासुद्धा नाही, हे मला दोन दिवसांनी भांडी घासताना सुचलं.

असंच त्या विटा जोडायच्या लेगोचं झालंय. मूळ खेळणं एवढं भारी की माझ्याकडे शब्द नाहीत. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा एक सुतार, ओले कर्क क्रिस्टियानसेन, त्याने १९३२ ला लाकडी खेळणी करायला सुरुवात केली आणि आज जी वीट आपण बघतो तिचं पेटंट १९५८ चं. दोन बाय चार टिकल्यांच्या फक्त सहा विटा, सगळ्या एका रंगाच्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाखांहून जास्त वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, सहा विटा हं, एका मुठीत मावतात. पण दुकानात विकलं काय जातं? सेट. अमुक सिनेमातलं विमान, तमुक रेसिंग कार, सोबत पानापानाचं पुस्तक, ही वीट इथे, ती तिथे. पोरगं आणि बाबा मिळून रविवारी दुपारी बसून ते पूर्ण करतात, चांगली गोष्ट आहे, बाबा दोन तास मोबाईल सोडून बसले हेच खूप. पण मग ते शोकेसमध्ये जातं आणि ‘हात लावू नको, मोडेल’ सुरू होतं. अहो ते मोडायलाच केलंय! त्याच सुताराच्या विटांसारख्या सुट्ट्या ब्लॉक्सचा शंभर तुकड्यांचा डबा माझ्याकडे चारशेला आहे, आपल्या देशी कंपनीचा, व्यवस्थित फिट बसतो, पण त्याच्यावर विमान नाही म्हणून तो उठत नाही. सेट घेतलाच असेल तर माझं एक ऐका, एकदा बनवून झाला की महिनाभर मिरवा आणि नंतर ते पुस्तक माळ्यावर टाका आणि सगळ्या विटा एका डब्यात ओता.

माझी भाची सांगलीला बालरोगतज्ज्ञ आहे, तिच्याशी या विषयावर फोनवर बोलणं झालं तर तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या शेवटी डॉक्टरांसाठी एक रिपोर्ट काढलाय, त्यात लहान पोरांसाठी स्क्रीनवाल्या आणि आवाजवाल्या खेळण्यांपेक्षा साधी, हातात धरायची, मोठ्या माणसासोबत खेळायची खेळणी बरी असं स्पष्ट म्हटलंय. दुसरी म्हणजे त्याच वर्षी तिथल्या टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी देऊन खेळायला सोडलं आणि एकदा १६ खेळणी देऊन, तर ४ खेळणी होती तेव्हा पोरं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याचे जास्त वेगवेगळे उपयोग करून बघितले. मी म्हटलं अगं हे तू मला सांगतेस, मी खेळणी विकते! पण खरं आहे. आमच्याच घरात माझ्या धाकट्याला दुकानातलं सगळं मोकळं होतं, नवीन माल आला की पहिला हात त्याचा, आणि ‘मला बोअर होतंय’ हे सगळ्यात जास्त मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. शेवटी सासूबाईंनी एक दिवस सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं आणि पाच वस्तू खाली ठेवल्या, दर महिन्याला बदलायच्या. माळ्यावरून खाली आलेलं जुनं खेळणं पोराला नव्यासारखंच वाटायचं. फुकटात.

सासूबाईंवरून सांगते, त्या बालवाडीच्या बाई होत्या, तरुणपणी पालघरकडच्या कोसबाडला जाऊन, आदिवासी पोरांसाठी बालवाड्या काढणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम बघून आलेल्या. माँटेसरी पद्धतीने शिकवायचं मूळ साहित्य महाग, परदेशी मापाचं, ते आदिवासी पाड्यावर कुठून आणणार, तर ताराबाईंनी बोर्डीला आणि कोसबाडला शंख-शिंपले, बिया, दगड, पानं, मिळेल त्यावर बालवाडी चालवली, आणि पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात नेली, नुसती अंगणात नाही, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात. सासूबाईंचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यात चिंचोके, सागरगोटे, बाटल्यांची बुचं, शर्टाची बटणं, रिकामी रिळं, दोऱ्याची गुंडी, नदीतले चपटे दगड. गुंजा नव्हत्या, त्या विषारी असतात म्हणून त्या मुद्दाम काढून टाकायच्या. हा डबा त्या उपडा करायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. हे न बोलणं फार अवघड आहे बरं का, मी करून बघितलंय, दोन मिनिटांत तोंडातून ‘अरे याचं फूल कर की’ निघतंच. माझ्या मोठ्याने एकदा त्या डब्यातल्या सगळ्या बटणांची लग्नाची पंगत मांडली होती, चार भोकांची बटणं नवरदेवाकडची, दोन भोकांची नवरीकडची, आणि एक कोटाचं मोठं काळं बटण रुसून बसलं होतं, ते मामा.

जर्मनीत फ्रोबेल नावाच्या माणसाने १८३७ मध्ये पहिली बालवाडी काढली, किंडरगार्टन शब्द त्याचाच. त्यानेसुद्धा पोरांच्या हातात काय दिलं, लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, साधे ठोकळे. अमेरिकेचा प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट याच्या आईने त्याला ते ठोकळे आणून दिले होते आणि म्हातारपणीसुद्धा तो म्हणायचा की ते माझ्या बोटांत अजून आहेत. गायीच्या ए फॉर ॲपलबद्दल असं पुढे कोण म्हणेल असं मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, किल्ला. हे माझं पापाचं खातं आहे.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस प्रत्येक बोळात चिखल असतो, असायचा म्हणू. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून पोरं तशीच युनिफॉर्मवर माती आणायला जायची. खाली विटा आणि दगड रचायचे, मध्ये पोकळी ठेवायची म्हणजे गुहा होते, त्यावर जुनं गोणपाट चिखलात बुडवून टाकायचं, वरून माती लिंपायची, मग आईची पिठाची चाळण पळवून बारीक लाल माती चाळायची आणि त्यावरून बोलणी खायची. उतारावर हळीव पेरायचे, तीन-चार दिवसांत हिरवळ येते, पोरं रोज सकाळी दात न घासता वाकून बघतात. तळ्याला आईस्क्रीमचा डबा पुरायचा. आणि कारंजं! दवाखान्यातून रिकामी सलाईनची बाटली आणि नळी मागून आणायची, बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगायची, नळी मातीखालून फिरवून तळ्यात काढायची, टोकाला पेनची रिकामी रिफिल, की उडालं कारंजं. बाटली जितकी वर तितका फवारा उंच, हे पोरांना नववीतल्या सायन्सच्या चार वर्षं आधी कळतं, कोणी शिकवावं लागत नाही, स्टूल लागतं फक्त. या सगळ्यात दुकानातून काय विकत जायचं? मावळे. डझनभर मावळे, एक सिंहासनावरचे महाराज, दोन तोफा, झालाच तर एक वाघ. दीडशे-दोनशे रुपये. यापेक्षा जास्त डोकं चालवणारं खेळणं मी तरी शेल्फवर ठेवलेलं नाही.

तर तीन वर्षांपूर्वी होलसेलवाल्याने फोटो पाठवला, रेडीमेड किल्ला. फायबरचा, हिरवा-तपकिरी रंग दिलेला, बुरूज आहेत, दरवाजा आहे, मावळे उभे करायला जागा केलेल्या. मी घाबरत घाबरत वीस नग मागवले. वसुबारसेच्या आधी संपले. पुढच्या वर्षी पन्नास. लोक म्हणतात माती कुठे मिळते आता, पार्किंगमध्ये टाईल्स आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी ओरडतात, आम्हाला दोघांना नोकरी, वेळ कुठाय, सगळं खरं आहे हो, मी कोणाला नावं ठेवत नाही, मी स्वतः विकलेत. पण त्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, आठ वर्षांचा, त्याच्या आईने सकाळी किल्ला नेला आणि अकरा वाजता तो एकटाच दुकानात आला. मला वाटलं मावळे कमी पडले. तर म्हणतो, काकू, सगळे उभे केले, आता काय करायचं? मला काय उत्तर द्यावं कळेना. त्याला एक चॉकलेट दिलं.

त्याच दिवाळीत आमच्या बोळातल्या तिघांचा मातीचा किल्ला परतीच्या पावसाने रात्रीतून निम्मा खाली आला. सकाळी बघते तर रडारड नाही, उलट उत्साह दुप्पट. दरड कोसळली म्हणे. प्लॅस्टिकचा पिवळा जेसीबी आणून ढिगारा उपसणं चालू होतं, चार मावळे जखमी म्हणून पुठ्ठ्याच्या ॲम्ब्युलन्समध्ये आडवे, आणि महाराज स्वतः पाहणी दौऱ्यावर. एकाची आई म्हणाली, अरे महाराजांच्या काळात जेसीबी नव्हते. तर तो खाली बघतच म्हणाला, म्हणून तर त्यांना इतकी वर्षं लागली.

किल्ला स्पर्धांचं पण एक सांगून टाकते. बक्षीस आलं की बाप चिखलात उतरतो आणि पोरगं पाण्याची बादली भरून देतं. हुबेहूब प्रतापगड होतो, मापासकट, माहितीचा बोर्ड टाईप करून, परीक्षक खूश. पोराला विचारा यातलं तू काय केलंस, तो म्हणतो पाणी. परीक्षकांनी एक बक्षीस सगळ्यात वेड्यावाकड्या किल्ल्याला ठेवावं, ज्यात मोठ्या माणसाचा हात लागलेला नाही हे लांबूनच कळतं. पहिलं बक्षीस मी देईन, दुकानातर्फे, नाव न छापता.

तर मग घ्यायचं काय, असं लोक विचारतीलच. माझं एवढंच म्हणणं आहे की ‘हे काय काय करतं’ याच्याऐवजी ‘याचं काय काय करता येईल’ असं विचारा, मनातल्या मनात विचारा, मला नका विचारू, मी दुकानदार आहे, मी सांगेन सगळंच होतं म्हणून. बॉलचं खूप काही होतं, दोरीचं होतं, जुन्या ओढणीचं तर विचारू नका, ती साडी होते, नदी होते, तंबू होतो, भूत होतं. पाटी आणि रंगीत खडू तीस-चाळीस रुपयांत येतात आणि पाटीचा मोठा फायदा म्हणजे पुसता येतं, चुकलं की जीव जात नाही. क्लेचे डबे महाग वाटत असतील तर कणकेचा गोळा घ्या, थोडं मीठ आणि थेंबभर तेल घालून मळा, हळदीने पिवळा होतो, बिटाने गुलाबी. किंवा गणपतीच्या आधी कुंभारवाड्यातून किलो-दोन किलो शाडू आणून ठेवा. भातुकली तर आहेच, तुळशीबागेतली पितळेची घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, साधी स्टीलची पण तेवढीच शिजते. आणि भातुकली मुलींचीच ही अट काढा कृपा करून. गेल्या महिन्यात एक पाच वर्षांचा मुलगा किचन सेट सोडायलाच तयार नव्हता, वडील म्हणत होते ते मुलींचं असतं, गाडी घे, आणि हे सांगणारे वडील स्वतः हॉटेल चालवतात, मला माहितीये ना, आम्ही तिथेच मिसळ खातो. शेवटी आजीने कमरेचा बटवा काढला आणि सेट घेऊन दिला.

जरा मोठ्या, आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी अरविंद गुप्ता यांची खेळणी बघा. आयआयटी कानपूरला इंजिनीअर झालेला माणूस, पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होता, ते सोडून आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करत बसला, पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर घरं, पूल, त्रिकोण, चौकोन सगळं उभं राहतं, चौकोन दाबला की वाकतो आणि त्रिकोण वाकत नाही हे हाताला कळतं. हे सगळं त्यांनी लोकांसाठी फुकट ठेवलंय. याच्यात माझा एक रुपयाचा धंदा नाही, सायकलवाल्याचा पाच-दहा रुपयांचा आहे.

लाकडी घ्यायची तर सावंतवाडीला गेलात की चितारआळीत जाऊन या, लाकडाची फळं, भाज्या, बैलगाड्या, सगळं हाताने रंगवलेलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची पण चांगली, लाखेचा रंग असतो त्यावर, म्हणजे पोराने तोंडात घातलं तरी धसका नाही. माझ्याकडे मी ठेवते दोन-चार नग पण लोक म्हणतात एवढंसं लाकूड आणि साडेतीनशे? आणि बाहेर जाऊन तेवढ्याच पैशात दोन दिवस टिकणारं हेलिकॉप्टर घेतात.

एक धंद्याचं सांगते ते मात्र लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. त्याच्या आधी २०२० ला बाहेरच्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, त्यामुळे रस्त्यावरचा तो स्वस्त चायना माल बराच कमी झाला आणि आमच्या किमती वाढल्या म्हणून लोक आमच्याशी भांडले. पण मार्क असला म्हणजे रंग विषारी नाही, टोकं लागणार नाहीत, बारीक तुकडे निघून घशात जाणार नाहीत एवढंच कळतं. पोराचं डोकं चालेल की नाही हे सांगणारा मार्क अजून निघालेला नाही. आणि त्या चपट्या बटन सेलपासून फार सांभाळा, झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणं घेऊच नका, दुकानदार कितीही म्हणू दे. पोराने सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजायला लागते, केळं खायला घालून वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

आता माझी तुम्हाला विनंती. तुमच्या मुलांच्या पानावर दर रविवारी एक चित्र असतं, रंग भरा म्हणून, बाजूला छोटं रंगवलेलं सॅम्पल. माझी पुतणी तेच करते, सॅम्पल बघून. तर एखाद्या रविवारी तिथे अर्धं पान कोरं सोडाल का? काहीच छापू नका, ‘इथे चित्र काढा’ असं पण नको. ज्याला काढायचं तो काढेल, कोणी फाडून होडी करेल, कोणी टोपी करेल, कोणी त्यात चिवडा खाईल. कोरं पान परवडत नाही हे मला कळतं, मी पण जाहिरात देते तुमच्याकडे दर दिवाळीला, पाच बाय आठची. या वेळची माझी जाहिरात त्या कोऱ्या जागेत धरा, मजकूर काही नाही, पैसे नेहमीचेच पाठवते.

आपली नम्र,
एक वाचक, कराड

ता.क. हे मेल करायच्या आधीच तीन नंबरचं खेळणं परत आलं. पाच दिवस झाले फक्त. बाई म्हणाल्या, हे आता काहीच करत नाही. सेल बदलून दिले, चाळीस रुपये घेतले.